चार भोकांचा डबा

“जोडलेला फोटो मला नको,” मावशी म्हणाल्या. “जोडलेला फोटो गेलेल्या माणसाचा असतो.”

खोटं कसं म्हणणार? दौंडात माझा स्टुडिओ आहे. कुणाचे वडील वारले की घरचे जुना पासपोर्ट फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, सलीमभाई, यांना आमच्या मधे बसवा. मी कॉम्प्युटरवर बसवून देतो. वडगाव रासाईच्या या मावशींनी असे फोटो घरोघरी भिंतीवर पाहिले होते.

त्यांना हवा होता चौघांचा एक फोटो, आप्पा आहेत तोवर. आप्पा म्हणजे त्यांचे मालक. डॉक्टरांनी “आता घरीच ठेवा” असं सांगून पाठवलेले. थोरला दत्ता शिक्रापूरला कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलणारी. धाकटा बाळू दौंडला रेल्वेत, असिस्टंट लोको पायलट. दोघं एका वेळी घरी सापडायचेच नाहीत.

“अरे, एक दिवस रजा काढा की दोघांनी,” मी बाळूला म्हटलं.

“काढली ना. माझी मंजूर झाली तर दादाची रद्द. आता बोला!”

परतीच्या वाटेवर एकदम पिनहोल कॅमेरा आठवला. या कॅमेऱ्याला लेन्स नसते. आतून काळा केलेला बंद डबा, एका बाजूला सुईएवढं भोक, समोरच्या बाजूला फोटोचा कागद. भोकातून येणारा उजेड कागदावर चित्र काढतो. उजेड अगदी कमी, त्यामुळे उन्हातसुद्धा दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. मला वाटलं, एका भोकाऐवजी चार केली तर? कागद एकच. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्यानं येऊन बसावं, आपलं भोक उघडावं, बंद करावं.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा पॉलिश पेपरनं घासून पातळ केला, कारण जाड पत्र्यातलं भोक बोगद्यासारखं होतं आणि चित्राच्या कडा काळ्या पडतात. सुईनं चार भोकं पाडली आणि प्रत्येकावर काळी टेप लावली. एका भोकाचं चित्र दुसऱ्यावर सांडू नये म्हणून आत काळ्या पुठ्ठ्याचे पडदे बसवले. मग एकटाच चार वेळा समोर बसलो आणि नमुना मावशींना नेऊन दाखवला. चार खोल्यांत चार सलीम. मी अगदी खुशीत होतो!

मावशींनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

“भाऊ, ह्या मधल्या काळ्या रेघा कशाच्या?”

“पडद्याच्या. चित्रं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.”

“म्हंजी वाटण्याच की! आप्पा जित्ते हायेत, आन् तुम्ही घरात भिंती घातल्या व्हय?”

चहा न संपवताच उठलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण बाई बोलली ते बरोबरच होतं.

पडदे काढून टाकले. पण आता चित्रं मिसळणार, त्याचं काय? तोडगा जुनाच होता. फोटोचा कागद काळा रंग टिपतच नाही. बसणाऱ्याच्या मागं सगळं काळं असलं, तर कागदावर फक्त माणूस उमटतो आणि बाकीची जागा पुढच्यासाठी कोरी राहते. मावशींनी काळ्या घोंगड्या एकाला एक टाचून अंगणात पडदा बांधला. मी भोकं जवळजवळ घेतली, पाऊण इंचावर. खांद्याला खांदा लागला पाहिजे होता.

“ह्यात कात्री लागती का?” मावशींनी विचारलं.

“नाही.”

“मग हा जोडलेला न्हाई.”

पहिल्या दिवशी मावशी बसल्या, मग आप्पा. आप्पांना उशा लावून खुर्चीत टेकवलं. “आप्पा, हलू नका बरं,” मी म्हणालो.

“हलायला जमतंय कुठं आता,” आप्पा म्हणाले आणि दोन मिनिटं दगडासारखे बसले.

रविवारी दत्ता बसला. डबा मावशींनी घरातच ठेवून घेतला, कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. “घरची तीन माणसं हायेत त्यात,” म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी रात्रपाळी करून बाळू थेट आला. डोळे लाल. एव्हाना आप्पा खुर्चीतसुद्धा बसू शकत नव्हते. मी बाळूला बसवलं, टेप काढली, मोजायला लागलो. जेमतेम चाळीस सेकंद झाले असतील, तेवढ्यात आतून आप्पांना ठसका लागला. तो थांबेचना. बाळू ताडकन उठला, खुर्ची आडवी झाली.

“हलू नको!” मी ओरडलो.

तो केव्हाच आत पोचला होता. बापाला उठवून पाठ चोळत होता. मी भोकावर हात दाबून अंगणात उभा. आपण काय ओरडलो याची लाज वाटली.

त्याला पुन्हा बसवणं शक्य नव्हतं. डोकं तंतोतंत त्याच जागी आलं नाही तर दोन डोकी उमटतात. आणि नवा कागद लावायचा, तर आप्पांना खुर्चीत कोण बसवणार? जे आलंय ते आलंय म्हणत कागद धुतला आणि फोटो काढला. दत्ता, मावशी, आप्पा अगदी ठळक. शेवटी बाळू, धुरकट. त्याच्या छातीतून आप्पांचा खांदा आरपार दिसत होता.

फोटो मान खाली घालून दिला. “मावशी, धाकटा बिघडला. माफ करा.”

मावशींनी तो कॉटवर पडलेल्या आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी बोट ठेवत मोजलं, “एक, दोन, तीन...” बोट बाळूवर येऊन थांबलं. “चार. पण ह्यो असा का रं दिसतोय?”

“तुम्हाला ठसका लागला, तवा उठून आला त्यो,” मावशी म्हणाल्या.

आप्पांनी बोट तिथून काढलंच नाही. “मग ऱ्हाऊ द्या तसंच,” म्हणाले.

हलू नका, हे मी गिऱ्हाइकांना आजही सांगतो. धंदाच तसा आहे. पण कुणी उठलंच, तर आता ओरडत नाही. आधी बघतो, कुणासाठी उठलंय.