नॉक इट ऑफ, नाना

पाचवीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात माझी चुलत बहीण पुण्याहून भडगावला महिनाभर राहायला आली, आणि दोन दिवसांतच मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली. ती इंग्रजी शाळेतली, बॉबकट केलेली. माझ्या आईनं मात्र सुट्टीतही तेल चोपडून माझ्या दोन वेण्या घातलेल्या.

त्या वेण्यांवर माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, भारी डोळा. मी जेवायला बसले की मागून येऊन ते रिबिनीचं टोक ओढायचे आणि फूल सुटायचं. "नाना, सोडा ना!" मी किंचाळायचे. ते आणखी ओढायचे. शाळेत जायला लागल्यापासून रोजचंच होतं ते.

बहिणीला वेणीच नव्हती, म्हणून नाना तिच्या ताटातला पापड पळवत. ती मान उडवून म्हणायची, "स्टॉप इट, काका!" की नानांचे दोन्ही हात वर. "मॅडमनी आर्डर शे, स्टॉप म्हंजे स्टॉप!" पापड परत ताटात. शिवाय ओट्यावर जाऊन चारचौघांना सांगत, "या पोरले बठ्ठं इंग्रजी येस." सगळं इंग्रजी येतं म्हणे! माझा वर्गात पहिला नंबर आला होता, ते त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी इतकी वर्षं घसा फोडत होते आणि हिचं दोन शब्दांत काम होत होतं!

तसले शब्द तिच्याकडे ढीगभर होते. 'कट इट आउट' काय, 'गिव्ह इट अ रेस्ट' काय. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, तेही मराठीतून शिकवलेलं. 'मे आय कम इन'च्या पुढे माझी गाडी गेली नव्हती. शेवटी गोडीगुलाबीनं मी तिला सगळ्यात झणझणीत कोणतं ते विचारलं.

"नॉक इट ऑफ," ती म्हणाली. "पण खूपच वैतागलं तर म्हणायचं हं."

न्हाणीघराची कडी लावून मी ते तिच्याच तोऱ्यात घोकलं.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस उजाडला. गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर जमल्या होत्या. ज्वारीचा शिजवलेला गरम घाटा ओल्या धोतरावर थापता थापता माझे दोन्ही हात बरबटलेले. नाना वर आले, त्यांनी नेमकं तेच हेरलं आणि दोन्ही रिबिनी सोडल्या. बायका हसल्या. मी गर्रकन वळले आणि होता नव्हता तेवढा वैताग आवाजात आणून ओरडले, "नॉक इट ऑफ, नाना!"

नाना थबकले. "काय बोलनी वं ती?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"पुरे करा, तुमचा वैताग आलाय, असं," ती शहाणी म्हणाली.

मी त्यांचे हात वर जायची वाट बघत होते. ते गेले नाहीत. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी रिबिनी कठड्यावर ठेवल्या आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वाटेत पाठ करून जेवायला बसले. त्यांनी बहिणीचा पापड पळवला, ती "स्टॉप इट" म्हणाली, दोघं खदखदून हसले. तिचा मला इतका हेवा आधी कधीच वाटला नव्हता. नाना माझ्या मागून पाणी प्यायला गेले आणि तसेच परत आले. मग मीच एक टोक हळूच ओढून ठेवलं.

त्यांना ते दिसलं. "तिनी रिबीन सुटनी शे," ते आईला म्हणाले, "बांधी दे."