क्लच तुटला त्या दुपारी

संपानंतर बाबा बोलेनासे झाले. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. करी रोडच्या आमच्या खोलीत ते खिडकीशी बसत आणि बाहेरच्या थंड पडलेल्या चिमणीकडे बघत राहत. ते गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणारे फिटर होते. त्या धडधडाटात त्यांचे कान अर्धे गेले होते. आई म्हणायची, "कानांचं सोड, आता जीभपण गिरणीतच ठेवून आले."

दोनेक वर्षांनी ते ड्रायव्हिंग शिकले आणि गिरगावातल्या एका बाईंकडे नोकरीला लागले. बाई निवृत्त शिक्षिका, विधवा, जुन्या मुंबईकर घराण्यातल्या. त्यांनी नुकतीच एक छोटी पांढरी गाडी घेतली होती, तेव्हा नोकरदारांना परवडायला लागलेली, डबीएवढी. पहिल्याच आठवड्यात त्या बाबांना म्हणाल्या, "मला मागे बसून फिरायचं नाहीये. तुम्ही मला शिकवायचं."

साठीतल्या बाई! बाबांनी नुसती मान हलवली.

शिकवणी रविवारी सकाळी कफ परेडला, मच्छीमार नगरच्या अलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर चाले. मला शाळा नसे, म्हणून मीही मागच्या सीटवर. त्या सकाळी आठवल्या की अजून गुंगी येते. काचेपलीकडे समुद्र आणि होड्या सावकाश सरकायच्या, रेक्झिन उन्हानं कोमट झालेलं असायचं, आणि झोप व जाग यांच्या मधल्या कुठल्याशा जागी मला बाबांचा आवाज ऐकू यायचा. हो, बाबांचाच.

"कानानं नाही बाई, पायानं ऐका. क्लच हळूहळू सोडा. इंजिन थरथरलं, की ते सांगतंय, आता मी तयार आहे."

"तुम्हाला एवढं कळतं कसं हो?"

"साचे असेच बोलायचे."

मग ते साच्यांबद्दल बोलत राहिले. कुठला धोटा कसा अडायचा, सूत तुटायच्या आधी यंत्र कसं कुरकुरायचं. घरी दोन वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं एका सकाळी. मी डोळे मिटून पडून राहिले. उठून बसले तर ते थांबतील, असं वाटलं.

बाई शिकल्या, बरीच वर्षं गाडी चालवली. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नजर नीट येईना, तेव्हा त्यांनी किल्ली बाबांच्या हातात ठेवली. "विकायला जीव होत नाही. तिचं मन तुम्हालाच कळतं. घेऊन जा."

तशी ती गाडी आमच्या चाळीखाली आली. तिनं कधी अडवलं नाही. गणपतीत भरून गावी जायची, घाटात तापायचीही नाही.

अडली ती एकदाच. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. भर दुपारी कळा सुरू झाल्या. आई माझ्याबरोबर गाडीत मागे बसली आणि आम्ही इस्पितळाकडे निघालो. पुलावर चढण्याआधीच बाबांच्या पायाखाली 'टक्' झालं. क्लचची वायर तुटली होती.

"टॅक्सी बघा!" आई ओरडली.

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "घाबरू नको गो बाय. गाडी चालतेय."

त्यांनी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि तसंच स्टार्टर मारला. गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि निघाली. पुढचा गिअर त्यांनी क्लचशिवायच टाकला. डावा हात दांड्यावर नुसता टेकलेला, जणू कुणाची नाडी बघतायत. नीट ऐकू येत नव्हतंच त्यांना. तळहाताला इंजिनचा वेग नेमका जुळलेला कळायचा आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जायचा. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच वेग इतका कमी करायचे, की पोहोचेपर्यंत तो हिरवा व्हायचा. एका कळेतून दुसरीत जाताना रस्ता भायखळ्याचा आहे की परळचा, तेच मला कळेना. उन्हात सगळं वितळल्यासारखं झालं होतं, आणि त्यात एकच गोष्ट पक्की होती: बाबांची पाठ. ते सबंध वाटभर बोलत होते. माझ्याशी की गाडीशी, ठाऊक नाही. "चल. अशीच. जरा दम धर. झालंच."

इस्पितळाच्या दारात त्यांनी इंजिन बंद केलं आणि उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं.

तासाभरात मुलगी झाली. बाबांनी तिला घेतलं, तिच्या छातीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. नर्स म्हणाली, "आजोबा, काय बघताय?"

"ऐकतोय," ते म्हणाले.

गाडी त्यानंतर आणखी सात वर्षं धावली. खाऱ्या हवेनं तळ सडला, तेव्हा भंगारवाला आला. बाबांनी टपावरची पिंपळपानं झाडली, त्याला सांगितलं, "दुसरा गिअर जरा अलगद टाक," आणि वर येऊन आईकडे चहा मागितला.