मावशींचं हँडल

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या एक मावशी परळच्या हॉस्पिटलात क्लार्क आहेत आणि रोज मोटारसायकलने कामावर जातात. बोलताना आधी "हे बघ" म्हणतात आणि मग थेट निकालच सांगतात.

पाठ धरायला लागली तेव्हा अख्खी चाळ म्हणाली, आता गाडी विका. मावशींनी हँडलखाली रायझर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे बसवून घेतले. मी सोबत होतो. मेकॅनिकने चावी दिली. मावशींनी गाडी जागेवरच चालू करून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तर रेस न देताच इंजिन ओरडायला लागलं. हँडल उंच झाल्याने रेसची केबल ताणली जात होती.

"एवढं कोण वळवतं, मावशी? सरळ रस्त्याला काय होत नाय," मेकॅनिक म्हणाला.

"हे बघ, मला वळायचं पण असतं. लांब केबल टाक."

संध्याकाळी सल्लागार मंडळी चाळीच्या दारातच उभी होती. मावशी ताठ बसून आल्या. उंच हँडलने पुढचं चाक हलकं वाटतं, म्हणून वळताना तेवढ्या पुढे झुकल्या, हँडल पार टोकापर्यंत फिरवलं आणि दोन स्कूटरांच्या फटीत अलगद गाडी घातली. इंजिन जराही ओरडलं नाही.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या, आणि चावी काढून जिना चढू लागल्या.