संत्र्याच्या बागेतलं बुटकं दार

जुना बंगला पाहायला जाता तेव्हा, इथे कोणाला कुठून आत शिरायला लावायचे, हे तुम्ही कधी विचारलंय का?

तळेगावजवळच्या संत्र्यांच्या बागेत मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, बंगला आहे. पुढे ऐसपैस व्हरांडा, सागवानी खांब आणि हत्ती शिरेल एवढं दार. मागे मजुरांसाठी छातीएवढं दार, मुद्दाम बुटकं ठेवलेलं. माझ्या ओळखीचा तिथला म्हातारा राखणदार प्रत्येक पाहुण्याला मागूनच आत नेतो. पाहुणा जेवढा मोठा, तेवढा हा जास्त नम्र होतो आणि कान खाजवत राहतो.

परवा मी तिथे असताना बंगल्याचे नवे मालक आले. त्यांना रिसॉर्ट काढायचं आहे.

"पुढचं दार उघड रे."

"चाबी सापडून नाई राह्यली, मालक. मांगून या."

चाबी त्याच्या कमरेला लटकत होती. मालक वाकले, तरी कपाळ आपटलंच.

"कोणत्या गाढवानं बांधलं हे?"

"माह्या आज्यानं, मालक. तुमच्यासारख्याच एका मालकानं सांगतलं, एवढंच ठेव. मंग जल्मभर माहा आजा बी वाकूनच आत आला."

मालकांनी कपाळ चोळत हुकूम सोडला, "दिवाळीनंतर हे बुजवून टाका."

म्हाताऱ्याचा हात कानावरच थांबला.

दार बुजलं की फक्त देखणा व्हरांडा उरेल आणि मालगुजार मोठा रसिक ठरेल. म्हणून दिवाळीआधी तिथे जा, मागच्या दाराने आत शिरा आणि हे दार राहू द्या, असं मालकांना तोंडावर सांगून या.