साहेबांच्या मोटारीच्या चार टोप्या

स्टँडवरच्या ड्रायव्हर मंडळींनो, ही चिठ्ठी शेजाऱ्याच्या हाती पाठवतोय. सगळ्यांना वाचून दाखवा.

आमच्या गोऱ्या साहेबांची मोटार सीना नदीच्या पुरात दोन दिवस उभी होती. चाकांवरच्या क्रोमच्या टोप्यांवर काळपट डाग पडले. आज सकाळी त्या काढून घरी आणल्या, रॉकेलात भिजत घातल्या आणि पेट्रोल आणायला गेलो. नंतर मऊ फडक्याने पुसणार होतो.

परत आलो तर बायकोने चारही टोप्या चिंच आणि विटेची भुकटी लावून घासलेल्या. तांब्याचा हंडा घासतात तशा!

"डाग गेले बगा," ती म्हणाली, "आन आत समदं पितळ हाय! साहेबालाबी ठावं नसंल."

पितळेवरचा क्रोमचा पातळ मुलामाच तिने खरवडून काढला होता. लढाईमुळे विलायतेहून नव्या टोप्या येत नाहीत. आधीच्या ड्रायव्हरला साहेबांनी एका ओरखड्यापायी घरी बसवलं.

साहेब पाचला टोप्या बघायला येतायत. साडेचार झालेत.

बायको नवं लुगडं नेसून दारात उभी आहे. टोप्या तिलाच साहेबांच्या हातात द्यायच्यात.

तिला कसं सांगू?