सोडलं वो

गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवला, की मी खालच्या गड्याला फोन लावते आणि सांगते, "चालू केलंय." खरं म्हणजे हा शब्द मला आवडत न्हाय. पाणी चालू करायला ते काय मिक्सर हाय? पाणी सोडायचं असतंय. आमच्या धंद्यात सगळे "सोडलं" असंच म्हणत्यात, आणि मीबी जन्मभर तेच म्हणत आले. मग आता का म्हणत न्हाय असं कुणी विचारलं, तर मी त्याच्या अंगावर जाते. माझा स्वभावच तसला हाय. पण आज सांगतेच.

आमचे हे नळकाम करायचे. नवीन बंगल्याची लाइन टाकायची असो, न्हायतर हॉटेलातली गळकी टाकी, बोलावणं आलं की सायकल काढायचे, पुढं मोटरसायकल काढायला लागले. पण हे काम एकट्याचं न्हाय. एक माणूस वर टाकीपाशी लागतो आणि एक खाली नळापाशी. हाताखालचे गडी टिकायचे न्हाईत. जरा हात बसला की शिरोलीच्या फौंड्रीत जायचे, तिथं सावली तरी असती म्हणायचे. एकदा राजारामपुरीत काम ऐन टायमाला अडलं, तवा हे मला म्हणाले, "चल की माझ्यासंगट. नुसता कॉक तर फिरवायचाय." साडीचा पदर खोचून गेले, ती गेलेच. सासूबाई कुरकुरल्या, पण भाकरी दोघांच्या बांधून द्यायला लागल्या.

आमची रीत ठरलेली. खालनं हे ओरडायचे, "सोऽड." मी वर कॉक फिरवायची आणि कठड्यावरनं आवाज द्यायची, "सोडलं वोऽ." नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय, मग हाक मारायची कशी, म्हणून ते 'वो' शेपटीला. मग खाली नळ जरा खोकायचा, हवा टाकायचा, आणि पाणी पडलं की ह्यांचा आवाज यायचा, "आलंऽ." ह्यांचा गळा म्हणजे तालमीतला. तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू यायचं, आणि शेजारच्या गल्लीतबी.

लोक मजा घ्यायचे. शाहूपुरीत एकदा खाली पानपट्टीवरचा एक गडी वर बघून म्हणाला, "वैनी, भर दुपारी नवऱ्याला सोडलासा व्हय?"

मी म्हटलं, "सोडते की पावणं. तुम्ही न्हेतासा काय घरला? भाकरी लई खातोय, आधीच सांगून ठेवते."

खाली हे पाना हातात धरून असे हसले, की चढवलेला नळ परत वाकडा झाला. घरी येऊन सासूबाईंना नक्कल करून दाखवली. पुढं बरेच दिवस भाकरी वाढताना मी विचारायची, "आणि एक वाढू, का सोडू तुम्हाला?"

एकच गोष्ट वाईट होती, तंबाखू. मी काय कमी भांडले न्हाय. पुड्या चुलीत घातल्या, खिसे शिवून टाकले, माहेरी जाऊन बसले. हे गोड बोलून परत आणायचे आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून पुडी घ्यायचे. मग घसा बसला. वर मला "सोड" नीट ऐकू येईना. आम्हाला वाटलं सर्दी हाय. हुलग्याचं माडगं पाजलं, हळद-दूध पाजलं. घसा काय सुटला न्हाय. दवाखान्यात गाठ निघाली, आणि डॉक्टर म्हणाले, माणूस वाचवायचा तर आवाजाची पेटी काढायला लागंल.

मी डॉक्टरला म्हटलं, "दुसरं काय पायजे ते काढा, आवाज तेवढा ऱ्हाऊ दे." तो बिचारा टेबलावरचा कागद सारखा करत बसला. हे माझ्याकडं बघून हसले. त्यांनी आधीच मनाची तयारी केली होती.

ऑपरेशन झालं. गळ्याला खाली भोक, श्वास तिथनंच. त्यावर मी मऊ फडकं बांधायची. बरे झाले तरी कामाला जायचं नाव काढीनात, भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायचे. मला बघवेना, आणि बघवलं न्हाय की मला राग येतो. एक दिवस हत्यारांची पिशवी समोर आपटली. "उठा. वर मी जाणार. खाली काय तुमचा मेव्हणा बसणार हाय?"

गेलो. रंकाळ्याजवळ एका जुन्या घराचं काम होतं. मी वर पोचले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. आता हाक येणार कशी, हे दोघांच्याबी ध्यानात आलं नव्हतं. इतक्यात लोखंडी पाइपातनं खण्ण करून ठोका वर आला. ह्यांनी खाली पान्यानं पाइप वाजवला होता. एक ठोका. मला सांगायला लागलं न्हाय. कॉक फिरवला आणि ओरडले, "सोडलं वोऽ." मग हे अंगणात आले, वर मान केली आणि हात उचलला. म्हणजे आलं. मी टाकीमागं जाऊन रडून घेतलं आणि तोंड धुऊन खाली उतरले.

तवापासनं तीच भाषा. एक ठोका म्हणजे सोड, दोन म्हणजे बंद कर. हल्लीच्या प्लास्टिकच्या पाइपातनं ठोका वर येत न्हाय, मग हे जिन्याची जाळी, गेट, जे लोखंड दिसंल ते वाजवायचे. घरमालक वैतागायचे. आमचं झकास चाललं होतं.

पण दुखणं परत आलं, छातीत उतरलं. ह्या वेळी डॉक्टर कायबी काढतो म्हणाले न्हाईत, घरी न्या म्हणाले. बाहेरच्या सोप्यात लोखंडी कॉट टाकली. उशाला पाना ठेवला, कारण हाक मारायला तेच. कॉटच्या दांड्यावर एक ठोका म्हणजे पाणी पायजे, दोन म्हणजे बास. मी त्यांना बजावलं होतं, "मी तुम्हाला जाऊ देणार न्हाय, उगंच गडबड करू नका." त्यावर दोन ठोके पडले. म्हणजे तुझं तोंड बंद कर.

शेवटच्या दिवशी सकाळपासनं ह्यांचा श्वास ओढून ओढून चालला होता. डावा हात मी धरला होता तो सोडलाच न्हाय. चूल पेटवली न्हाय, अंघोळ न्हाय. शिरोळहून थोरली नणंद आली होती, ती पायाशी बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हात सोड गं त्याचा. तुझ्यात जीव अडकलाय. हाल हुयाल्यात माझ्या भावाचं."

"तुम्ही मला शिकवू नका," मी म्हटलं. "उठा, चहा टाका जावा." ती डोळं पुसत आत गेली.

तेवढ्यात दांड्यावर ठोका पडला. एक. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, पाणी मागत्यात. एका हातानं ह्यांचा हात धरून दुसऱ्या हातानं चमचा ओठाला लावला. तोंड उघडलं न्हाय. पाणी हनुवटीवरनं ओघळलं, ते गळ्याच्या भोकात जाईल म्हणून घाईनं पुसलं. परत ठोका पडला. एकच. मी परत चमचा भरला, परत पाणी बाहेर. तिसऱ्यांदा वाजला तवा माझं डोकं फिरलं.

"पाणी तर देते की वो. आता आणि काय सोडू?"

आणि माझाच शब्द माझ्या कानात शिरला. ह्यांनी डोळे उघडले होते. आधी माझ्या मुठीकडं बघितलं, मग वर माझ्याकडं. अंगणातनं गच्चीकडं बघायचे, तसं.

मला लई राग आला. मनात म्हटलं, तुमचं काय जातंय सोड म्हणायला, कॉक माझ्या हातात हाय. न्हाय सोडत, जावा. काय करतासा? दोन ठोके द्या की. बंद कर म्हणा, मी जन्मभर बंद ठेवते. हे नुसते बघत राहिले. पाना हातात पेलवत नव्हता. तरी तो उचलला, आणि दांड्याला जेमतेम टेकवला. आवाज आला का न्हाय कुणास ठाऊक. मला ऐकू आला.

मी एक एक बोट उघडलं. हात चादरीवर ठेवला. नणंद चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली.

"सोडलं वो," मी म्हटलं, आणि हात उचलत्यात का बघत बसले.