गांजाची गुणपत्रिका

माझ्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, मणका सुधारला, पण डाव्या पायातली कळ काही गेली नाही. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. शेवटी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या श्मेर्त्सथेरपीतल्या, दुखण्यावरच्या खास दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मेडिकल कॅनाबिस सुचवलं. म्हणजे गांजाच, पण चिठ्ठीवर, आपोथेकेतून, औषधांच्या दुकानातून आणायचा आणि यंत्रातून त्याची वाफ ओढायची. बाई म्हणाल्या, प्रकार पुष्कळ आहेत, कोणाला काय लागू पडेल सांगता येत नाही, थोड्यापासून सुरू करू, तुम्ही मला फक्त खरं सांगत जा. एवढी साधी गोष्ट. पण नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याचे दोन मित्रही तिथलेच, आणि तिघे पुण्याच्या एकाच कॉलेजातले. साधी गोष्ट या तिघांच्या हातात साधी राहत नाही.

या लोकांनी बाळाची गाडीसुद्धा तक्ता करून घेतली होती. डावीकडे मॉडेलं, वर निकष, प्रत्येक निकषाला वजन, शेवटी बेरीज. कारखान्यात सप्लायर निवडतात तसं. घर असंच घेतलं, किंडरगार्टन असंच ठरलं, आणि मला अधूनमधून शंका येते की मीही अशीच निवडली गेले असणार. आता दर शनिवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर चिवड्याच्या बशा आणि तीन लॅपटॉप मांडून गांजाला गुण द्यायचं काम सुरू झालं.

प्रकारांची नावं आइस्क्रीमच्या दुकानातल्या पाटीसारखी. केक, कुकी, लिंबू, एक आंबासुद्धा. आंब्याला देशप्रेमापोटी एक गुण जास्त द्यावा, असं टक्कल पडलेल्या मित्राने सुचवलं आणि तिघेही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यात माझा नवराही होता, हसताना एका हाताने टेबलाची कड धरून.

सगळ्यात जास्त वजन त्यांनी कशाला द्यावं? इंटरनेटवरच्या अभिप्रायांना. कोणीतरी रिकामटेकडी पोरं मजेसाठी ओढतात आणि लिहितात, ‘सोफ्यात रुतलो, पिझ्झा संपवला, झकास.’ यातून माझ्या नवऱ्याच्या पायाबद्दल काय कळणार, असं मी विचारलं.

“आल्झो, म्हणजे बघा वहिनी, हा फील्ड डेटा आहे,” दाढीवाला मित्र म्हणाला.

मी चहा टाकायला उठले.

तक्त्याच्या तळाला एक प्रकार पडून होता. त्याला नाव नव्हतं, नुसतं अक्षर आणि आकडा. नशा आणणारं टीएचसी त्यात कमी, नशा न आणणारं सीबीडी जवळपास तेवढंच, आणि अभिप्राय एकही नाही. “याला कोणी विचारत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार,” टकल्या म्हणाला. लग्नाच्या स्थळाबद्दल बोलतात तसं.

पहिला आला तो सगळ्यांत जहाल प्रकार. डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या, पण नवरा हटून बसला, तेव्हा त्यांनी तो अगदी कमी मात्रेत लिहून दिला. त्याच्या वाफेने घराला डिझेलसारखा वास लागला. नवरा वाफ ओढायचा आणि न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून, डोकं गरगरायचं थांबेपर्यंत भिंतीच्या टाइल्स धरून ठेवायचा. कळ तशीच. शनिवारी मित्रांनी विचारलं, “दुखणं शून्य ते दहात किती?” हा म्हणाला, “बरंय. तीन.” पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, तर “बराय आई.” त्या तिघांचं हे असंच आहे. पाय तुटून हातात आला तरी म्हणतील, जरासं अवघडलंय. आणि त्या ‘तीन’ला दशांशापर्यंत किंमत देऊन तक्ता पुढे सरकणार. हा प्रकार लागू पडला, असा निर्वाळाही तिघांनी देऊन टाकला.

मला खरा आकडा माहीत होता. रोज सकाळी मी त्याच्यापुढे जमिनीवर बसून त्याच्या पायांत मोजे चढवत होते, कारण त्याला वाकता येत नव्हतं. तेवढा वेळ तो फोनवर ऑफिसच्या मेल वाचायचा.

पुढच्या भेटीला मी सोबत गेले. बाईंनी विचारलं, दुखणं किती? नवरा म्हणाला, “द्राय.” इथेही तीनच. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, छान, मग हेच कायम ठेवू. नवऱ्याने मान डोलावली. तो पुढची कितीतरी वर्षं त्या टाइल्स धरून बसलेला मला दिसला आणि माझं डोकं फिरलं.

“सात,” मी म्हणाले. “आणि याचे मोजे रोज मी घालते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आकडा सोडून दिला आणि मोज्यांबद्दल विचारलं, जिन्याबद्दल, झोपेबद्दल, गरगरण्याबद्दल. त्याला एकेक उत्तर द्यावंच लागलं. शेवटी त्यांनी जहाल प्रकार बंद केला आणि लिहून दिला तो नेमका तळाचा, बिननावाचा.

“बाईंसमोर मोज्यांचा विषय कशाला काढलास?” बसमध्ये त्याने विचारलं.

“मग काय करू? दुखतंय म्हणायला तुझं काय जातं?”



काही आठवड्यांनी तो रात्रीचा सलग झोपायला लागला. मित्रांनी हे ऐकलं आणि लॅपटॉप उघडले. टकल्याचं म्हणणं, वजनं चुकली. दाढीवाला वजनं बदलून बदलून तळाचा प्रकार वर आणत बसला. उत्तर हातात आल्यावर गणित जुळवायचं, याला हे लोक अभ्यास म्हणतात. त्यांच्यापैकी एकानेही नवऱ्याला विचारलं नाही, की बाबा रे, तू आम्हाला तीन का सांगत होतास? मी बशांमध्ये आणखी चिवडा ओतला.

त्यानंतरच्या एका सकाळी मी सवयीने मोजे घेऊन खाली बसले. नवऱ्याने उजवा मोजा माझ्या हातातून काढून घेतला. दात आवळून, सावकाश वाकत, त्याने तो घातला. मोज्याची टाच वर आली होती, मी ती तशीच राहू दिली. मग त्याने फोन बाजूला ठेवला आणि डावा पाय माझ्यापुढे केला.

“आज पाच आहे,” तो म्हणाला. “हा तू घाल.”